मोटर बंद करता का? लोकेशनवर शॉर्टफिल्म शूट करताना

(हे आमच्या एपिसोडचं लिखित रूप. बोलताना अडखळलो ते कापलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय. कंसात 'क्लिप' लिहिलंय तिथे ऑडिओमध्ये आवाज आहे. तेवढा भाग फोनच्या स्पीकरवर ऐकू नका, इअरफोन लावा. का, ते शेवटी कळेल.)

(क्लिप: १५ सेकंद. एकसारखी घरघर, मागे पाण्याची धार, लांब कुठेतरी कोंबडा.)

आत्ता ऐकलात तो आवाज विहिरीवरच्या मोटरचा. पाच एचपीची, जुनी, विहिरीच्या काठावर बसवलेली. माझ्या ११ मिनिटांच्या शॉर्टफिल्ममध्ये हा आवाज जवळजवळ ४ मिनिटं आहे. स्क्रिप्टमध्ये तो एका ओळीतसुद्धा नव्हता.

गेल्या काही दिवसांत तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. कॉलेजची शॉर्टफिल्म करायचीय, गावाकडे शूट करायचंय, तयारी काय करू? कोणता कॅमेरा घ्यायचा, कोणता माइक घ्यायचा, हे यूट्यूबवर ढीगभर आहे. मी आज आमच्या ४ दिवसांच्या शूटचं सांगतो. त्यात जे बिघडलं ते बहुतेक सगळ्यांचंच बिघडतं, त्यामुळे तुम्हाला उपयोग होईल. आणि एक गोष्ट अशी आहे की जी चूक मी केली आणि किंमत दुसऱ्यानंच मोजली. ती सांगायला जरा जड जातंय, पण तीच सांगायची आहे.

तर, फिल्म साधी होती. एक म्हातारी, तिचा शहरातून आलेला नातू, आणि विकायला काढलेलं घर. आमची टीम ७ जणांची. पैसे सगळ्यांनी वर्गणी काढून जमवले. त्यातले निम्म्याहून जास्त लेन्स, ट्रायपॉड आणि दोन कॉलर माइकच्या भाड्यात गेले, बाकी पेट्रोल आणि किराणा. कॅमेरा एका मित्राच्या दादाचा. लोकेशन फुकट, कारण आमच्या साउंड करणाऱ्या मैत्रिणीचं आजोळ सासवडच्या पुढे, पुरंदर तालुक्यात एका वस्तीवर आहे. दिवे घाट चढून गेलं की पुण्याचा गोंगाट संपतो आणि सीताफळाच्या, अंजिराच्या बागा सुरू होतात. मामाचं जुनं घर, पुढे पडवी, मागे गोठा, शेजारी विहीर. मैत्रिणीची सख्खी आजी आमची हिरोईन. यापेक्षा चांगलं काय मिळणार होतं?

शूटच्या बरोबर एक आठवडा आधी आम्ही तिघं रेकीला गेलो. रेकी म्हणजे जागा आधी जाऊन बघणं. दुपारी १२ ला पोचलो, फोटो काढले, मामीनं पिठलं-भाकरी वाढली, ४ ला परत. मी वहीत लिहिलं होतं, अजून ती वही आहे माझ्याकडे: 'अतिशय शांत जागा. साउंडला काहीच प्रॉब्लेम नाही.' विहीर ज्यांची आहे ते शेजारचे आबा त्यांच्या ओट्यावर भरदुपारी घोरत पडले होते. मला वाटलं, काय निवांत आयुष्य आहे राव.

हे आबा लक्षात ठेवा.

आधी परवानगीचं पटकन सांगतो, कारण त्यावर खूप प्रश्न आहेत. खासगी घरात शूट असेल तर घरमालकाचं साध्या कागदावर सहीचं पत्र घ्या, नातेवाईक असले तरी. गावात रस्त्यावर, पारावर कॅमेरा लावणार असाल तर सरपंचांना भेटा, ग्रामपंचायतीत अर्ज द्या, आणि जवळच्या पोलीस ठाण्यात कॉलेजच्या लेटरहेडवर कळवून ठेवा. आम्हाला याला एक सकाळ लागली आणि कुणी एक रुपया मागितला नाही. एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन, शनिवारवाड्यासारख्या संरक्षित वास्तू यांचं मात्र वेगळं आहे. तिथे ज्या त्या खात्याची लेखी परवानगी लागते, आणि 'आम्ही स्टुडंट आहोत' हे उत्तर चालत नाही. ड्रोन उडवायचा असेल तर २०२१ चे ड्रोन नियम वाचा. कुठे उडवता येतो आणि कुठे नाही याचा झोनचा नकाशा सरकारी पोर्टलवर आहे. पुण्यात लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा तळ आहे, त्यामुळे त्या बाजूला गंमत म्हणूनसुद्धा नको. आमच्याकडे ड्रोन नव्हता. बरंच झालं.

कागदावरची परवानगी सोपी असते हो. दुसरी एक परवानगी असते, ती मी मागायलाच विसरलो होतो. येतो तिकडे.

पहिला दिवस. नोव्हेंबरचा मध्य, दिवाळी होऊन गेलेली. नातू एसटीतून उतरतो असा आमचा पहिला शॉट. गावात एक मुक्कामी गाडी आहे, रात्री येते, तिथेच थांबते आणि सकाळी पावणेसातला फाट्यावरून जाते. त्या दिवसांत सूर्य साधारण साडेसहाच्या पुढे उगवतो. म्हणजे कोवळं ऊन, धूळ, लाल गाडी. कागदावर स्वर्ग. आम्ही रस्त्याच्या पलीकडे कॅमेरा लावून पहाटे साडेपाचपासून कुडकुडत उभे. गाडी आली, धुरळा उडाला, आणि कॅमेऱ्याच्या ऑटोफोकसनं त्या धुरळ्यावरच फोकस धरला. नातू उतरला तो पूर्ण धूसर. गाडी गेली. पुढची रात्री.

आपल्या मालकीची नसलेली वस्तू शॉटमध्ये असली की रीटेक नसतो, हे मला तेव्हा कळलं. गाडी, मेंढरांचा कळप, आठवडी बाजार, देवळातली आरती. अशा शॉटला ऑटोफोकस बंद करायचा, माणूस जिथे उभा राहणार तिथे एक दगड ठेवायचा, त्या दगडावर हातानं फोकस लावायचा आणि परत हात लावायचा नाही. फोनवर शूट करणाऱ्यांनो, स्क्रीनवर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड दोन्ही लॉक होतात, तेच करायचं. शक्य असेल तर दुसरा फोन दुसऱ्या अँगलनं लावून ठेवायचा. दुसऱ्या दिवशी आम्ही हे सगळं केलं. कंडक्टरनं आम्हाला ओळखलं आणि उगाच दोनदा बेल मारली. ती फिल्ममध्ये आहे.

यावरून सत्यजित राय यांचा किस्सा आठवतो. 'पथेर पांचाली'चं पहिलं शूट १९५२ च्या ऑक्टोबरमध्ये झालं, काशफुलांच्या रानात अपू आणि दुर्गा आगगाडी बघतात तो प्रसंग. एक दिवस शूट केलं, आठवड्यानं परत गेले तर फुलंच गायब. गुरांनी खाऊन टाकलेली. उरलेला भाग घ्यायला पुढच्या मोसमाची वाट बघावी लागली. टीममधले बरेच जण आमच्यासारखेच नवखे, कॅमेरामन सुब्रत मित्र यांनी तर त्याआधी सिनेमाचा कॅमेरा चालवलेला नव्हता. आम्हाला फक्त दुसऱ्या दिवसाची एसटी पकडायची होती, म्हणजे तक्रारीला जागा नाही.

उजेडाचं थोडक्यात. सूर्य तासाला १५ अंश सरकतो. पडवीतला आजी आणि नातवाचा सीन आम्ही सकाळी नऊला सुरू केला, साडेअकराला संपला. लांबून घेतलेल्या शॉटमध्ये उन्हाची तिरीप आजीच्या पायाशी, जवळच्या शॉटमध्ये ती गायब. एकाच वाक्यात दोन वेळा. यावर उपाय म्हणजे ऊन दिसतं ते लांबचे शॉट एका दमात उरकायचे, आणि चेहऱ्याचे शॉट नंतर सावलीत घ्यायचे. बाजूला थर्माकोलचा पांढरा पत्रा धरायचा, चेहऱ्यावर उजेड परत येतो. स्टेशनरीच्या दुकानात स्वस्तात मिळतो आणि वाऱ्यात हमखास मोडतो, म्हणून दोन घ्या.

घरातल्या उजेडाची एक वेगळीच खोड आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि स्वस्त एलईडी बल्ब सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं, आणि स्क्रीनवर काळे पट्टे सरकताना दिसतात. फोन बहुतेक वेळा ३० फ्रेमवर लावलेला येतो. तो २५ फ्रेमवर आणा आणि शटर ५० वा १०० ठेवा, पट्टे जातात. आमचा स्वयंपाकघरातला पहिला सीन पट्ट्यांसकट आहे. फिल्ममध्ये नाही घेतला, हार्ड डिस्कमध्ये आहे, शरमेची आठवण म्हणून.

आणि आजी! आजी कमाल होती. पहिला टेक अप्रतिम, दुसरा बरा, तिसऱ्याला ती कंटाळायची. "एकदा सांगितलं ना रे बाबा घर विकू नको, किती वेळा सांगू?" मग आम्ही तालमीच्या नावाखाली कॅमेरा आधीच चालू ठेवायला लागलो. दुसऱ्या दिवशी ती वेगळ्याच लुगड्यात आली. कालचं धुऊन वाळत घातलेलं. शूटिंगसाठी मळकं नेसून कसं बसायचं, हा तिचा प्रश्न, आणि तो तिच्या बाजूनं बरोबर होता. एक वाक्य आदल्या दिवशी सांगितलं असतं तर दीड तास वाचला असता.

आता दुसऱ्या दिवसाची सकाळ. साडेआठ. पडवीत महत्त्वाचा संवाद. कॅमेरा रोल, साउंड रोल, आणि...

(क्लिप: आजीचा अर्धा संवाद. मध्येच खट्ट असा आवाज, मग घरघर सुरू.)

साउंडवाल्या मैत्रिणीनं हेडफोन काढला आणि माझ्याकडे बघितलं. रेकीच्या दिवशी हा आवाज नव्हता. मी धावत विहिरीवर गेलो. आबा तिथे उभे.

मी म्हणालो, "आबा, १० मिनिटं मोटर बंद करता का? शूटिंग चालू आहे."

आबा म्हणाले, "करतो की." आणि लाल बटण दाबलं.

ती १० मिनिटं किती झाली असतील? पहिल्या वेळी पाऊण तास. मग सुरू केली, मग मी परत गेलो. मग परत. तिसऱ्या खेपेला मी स्वतः गेलोही नाही, लाइट सांभाळणाऱ्या पोराला पाठवलं. दिवसभरात सगळं मिळून अडीच तास तरी ती मोटर आमच्यासाठी बंद होती. दर वेळी परत सुरू करताना ती पाणी उचलायची नाही, आबा बादलीनं पाइपात पाणी ओतायचे, मग कुठे धार लागायची. मला ते दृश्य फार आवडलं. लांबून लेन्स लावून मी ते शूटसुद्धा केलं. त्यांना न विचारता.

इथे जरा आवाजाचं शास्त्र, म्हणजे मी इतका का अडून बसलो होतो ते कळेल. प्रेक्षक खराब चित्र सहन करतो, खराब आवाज करत नाही. संवाद कळला नाही की तो फोन हातात घेतो. आणि मोटरची घरघर नंतर काढून टाकता येत नाही. ॲपमध्ये 'नॉइज रिडक्शन' असतं, पण मोटरचा आवाज फक्त खालच्या पट्टीत नसतो. त्याचे पडसाद वर माणसाच्या आवाजाच्या पट्टीपर्यंत जातात. घरघर कापायला गेलं की आजीचा आवाजही कापला जातो, डब्यातून बोलल्यासारखा येतो. माइक जवळ नेणं हा एकच खरा इलाज. माइक आणि तोंड यांतलं अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं पडतो, मागचा गोंगाट मात्र तेवढाच राहतो. कॉलर माइक लुगड्याच्या पदराखाली लावला तर कापड घासल्याचा आवाज येतो, म्हणून आम्ही तो डोरल्याजवळ बाहेरच्या बाजूला, फ्रेमला दिसणार नाही असा चिकटवला. तरी मोटर होतीच.

हिंदी सिनेमानं कितीतरी दशकं हा प्रश्न सोडवलाच नाही, टाळला. तेव्हाचे ॲरीसारखे हलके कॅमेरे स्वतःच इतका खडखडाट करायचे की संवाद नंतर स्टुडिओत डब करणं हीच रीत झाली. २००१ चा 'लगान' भुजजवळ शूट झाला तो सिंक साउंडवर, म्हणजे जागेवरच आवाज घेऊन, आणि त्याचं तेव्हा अप्रूप होतं. आमच्याकडे डबिंगचा स्टुडिओ नव्हता आणि आजी डबिंग करणार नव्हती. म्हणून मला शांतता हवी होती. हे सगळं खरं आहे. पण ते माझ्यापुरतं खरं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी परत तेच. साडेआठला मोटर, मी विहिरीकडे निघालो, तर मामीनं चुलीपाशीच अडवलं. आवाज अजिबात न चढवता म्हणाली, "आबा बोलायचे नाहीत. पाहुण्याला नाही म्हणत नाहीत ते. पण काल खालच्या वाफ्यांना पाणीच गेलं नाही. नवी लागण आहे कांद्याची. आंबवणीचं पाणी आहे हे."

मी म्हणालो, "मग संध्याकाळी द्यायचं ना मामी. आम्ही सहाला थांबतोच."

मामी माझ्याकडे बघतच राहिली. "संध्याकाळी लाइट कुठं आहे?"

ज्यांचं शेतीशी नातं आहे त्यांना हे सांगायला नको. मला २१ वर्षांच्या आयुष्यात माहीत नव्हतं. घरातली लाइट वेगळी आणि शेतीची वेगळी. मोटरला थ्री फेज लागते, ती ठरलेले तासच येते, आणि पाळीनं येते. एक पाळी दिवसाची, ८ तास. एक पाळी रात्रीची. त्या गावात पाळी आठवड्यानं बदलायची. आम्ही रेकीला गेलो तो आठवडा रात्रपाळीचा होता. म्हणून दुपारी शांतता होती. आणि आबा भरदुपारी घोरत होते कारण रात्रभर दारं धरून, म्हणजे एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात पाणी वळवत, गार वाऱ्यात उभे होते. शूटचा आठवडा दिवसाचा. सकाळी साडेआठ ते दुपारी साडेचार. बरोबर आमच्या कॉलशीटवर बसणारा.

म्हणजे आबांच्या ८ तासांतले अडीच तास मी घेतले होते. '१० मिनिटं' म्हणून. माझ्या वहीत 'अतिशय शांत जागा' लिहिलेलं होतं आणि त्या शांततेचा अर्थ मला ठाऊक नव्हता.

त्या सकाळी मी आबांकडे गेलो ते माफी मागायला. खिशात हजार रुपये होते, तेही पुढे केले. आबा हसले. म्हणाले, "पैशानं पाणी येतंय व्हय? ठेव ते. फकस्त आदी इचारायचं. आठ दिवस आदी इचारलं असतं तर लागण पुढं ढकलली असती." आणि मोटर चालू केली. बंद करायला मी परत गेलो नाही.

मग आम्ही सातही जण गोठ्यामागे बसलो आणि वेळापत्रक फाडलं. पहाटे उजेड झाल्यापासून साडेआठपर्यंत संवादाचे सीन. साडेचारनंतर अंधार पडेपर्यंत परत संवाद. आपल्याकडे सूर्य मावळला की जेमतेम २०-२२ मिनिटांत काळोख होतो, म्हणजे संध्याकाळी मिळून दीड-पावणेदोन तास. मधल्या वेळात मुके शॉट: हात, भांडी, भिंतीवरचे फोटो, नातू गल्लीतून चालतो, कुलूप लागतं. हिशेब केला तर सगळं बसत नव्हतं. टेकडीवरचा सीन गेला. तो माझा सगळ्यात लाडका सीन होता, त्यासाठीच मी फिल्म लिहिली होती असं मी सगळ्यांना सांगायचो. शेजारणीचा सीन गेला, ती काकू अजून माझ्यावर रागावलेली आहे. आणि एक सीन घरातून उचलून विहिरीकडेच नेला. नातू आणि आजी मोटरच्या आवाजात ओरडून बोलतात. घर विकायचं की नाही हे ओरडून बोलताना वेगळंच भांडण झालं. कुजबुजत लिहिलेलं वाक्य आजीनं वाऱ्यावर फेकलं. बरं झालं.

हे सोपं वाटत असेल तर सांगतो, चौथ्या दिवशीही गाडी घसरलीच. आजीचं शेवटचं लांब बोलणं आम्ही सकाळी सातला सुरू करणार होतो. एक बॅटरी रात्री चार्जच झाली नव्हती, कारण आमच्या सहाय्यकानं एकाच बोर्डावर चार चार्जर लावले आणि त्यातला एक सैल. सुरू व्हायला ८ वाजले. तिसरा टेक चालू, आजी अशी काही बोलत होती की कॅमेरामन रडत होता, खरंच. मी घड्याळाकडे बघितलं नाही. साडेआठ वाजले, लाइट आली, ऑटो स्टार्टरनं मोटर आपोआप उचलली.

(क्लिप: आजीचा आवाज, खट्ट, घरघर. आजी थांबत नाही.)

आजी थांबली नाही. मीही कट म्हणालो नाही. अर्धं बोलणं शांततेत, अर्धं मोटरसकट.

पुण्याला आल्यावर आजीला खास बोलावून, गोधड्या टांगून, एका खोलीत ते अर्धं बोलणं परत रेकॉर्ड केलं. शब्द तेच, सूर नाही. पोस्टकार्ड वाचून दाखवल्यासारखं. ते टाकून दिलं आणि मूळ आवाज ठेवला. मग प्रश्न, तो प्रेक्षकाला चूक वाटू नये कसा? तर आवाज कुठून येतो हे आधी दाखवायचं. मी न विचारता घेतलेला तो शॉट, आबा बादलीनं पाइपात पाणी ओततात तो, माझ्याकडे होता. फोन करून परवानगी मागितली, मग तो फिल्मच्या सुरुवातीला टाकला. मोटर एकदा दिसली की कान तिला घरातलं माणूस समजतो. त्यासाठी अजून एक काम आम्ही निघण्याआधी केलं होतं, ते मात्र शहाणपणाचं होतं: नुसत्या मोटरचा आवाज विहिरीपाशी, पडवीत आणि घराच्या आत असा तीन ठिकाणी दोन-दोन मिनिटं रेकॉर्ड केला. प्रत्येक खोलीची रिकामी शांतताही मिनिटभर घेतली. हे दोन तुकड्यांमधले सांधे बुजवायला लागतं. तुमच्या गावात गिरणी असेल, भजनी मंडळ असेल, हायवे असेल, तोही असाच घेऊन ठेवा.

डेटाचं राहिलं. आमचा कॅमेरा सेकंदाला १०० मेगाबिटवर लिहायचा, म्हणजे तासाला ४५ जीबी. ६४ जीबीचं कार्ड सव्वा-दीड तासात संपतं. रोज रात्री दोन वेगवेगळ्या डिस्कवर कॉपी, दोन्हीकडच्या चार फाइल उघडून बघायच्या, मगच कार्ड कोरं करायचं. झोप आलेल्या माणसाला हे काम देऊ नका. आमच्याकडे हे काम साउंडवाल्या मैत्रिणीनं केलं आणि एकही फाइल गेली नाही. सगळ्यात कमी बोलणारी तीच होती.

आणि रेकी. शूट ज्या वेळी तीच वेळ, शूट ज्या वारी तोच वार, आणि एक रात्र तिथे मुक्काम. जागा बघण्यापेक्षा विचारायचं जास्त. पाणी कधी, लाइट कोणत्या पाळीला, बाजार कधी, शाळा कधी सुटते, जत्रा आहे का, कुणाच्या घरी आजारी माणूस आहे का. हे सगळं घरमालकाला विचारून भागत नाही, ज्यांचा आवाज तुमच्या माइकमध्ये येणार आहे त्या सगळ्यांना विचारावं लागतं. आम्ही चौथ्या दिवशी दुपारी, मुके शॉट संपल्यावर, दोघं जण आबांबरोबर वाफ्यांत उतरलो, मदत म्हणून. माझ्याकडून एक बांध फुटला. आबांनी शांतपणे फावडं माझ्या हातातून काढून घेतलं आणि म्हणाले, "तू तिकडं शूटिंग कर जा."

जानेवारीत फिल्म दाखवायला गेलो. मामाच्या पडवीत, माझ्याच फोनवर, कारण प्रोजेक्टरची वायर घरी विसरलो. आजीनं स्वतःला बघून तोंडाला पदर लावला. आबा सगळं बघून झाल्यावर म्हणाले, "माझी मोटर दिसती खरी, पण आवाज कुठाय तिचा? एवढं रामायण केलंत तिच्यापायी."

खरंच येत नव्हता. फोनचा स्पीकर एवढासा, खालच्या पट्टीतला आवाज त्यातून बाहेरच पडत नाही. मी इअरफोन काढले, एक त्यांच्या कानात घातला, शेवटचा सीन परत लावला. आबांनी डोळे मिटून पूर्ण ऐकलं. आजीचं बोलणं संपलं, नावं आली, तरी ऐकत राहिले.

मग इअरफोन काढून म्हणाले, "बेरिंग गेलं हुतं तिचं तवा. ऐक, खरखर येतीय मधी. डिसेंबरात बदललं. आता याल तर एवढा आवाज न्हाई व्हायचा."

तर मंडळी, पुढच्या वेळी एडिटिंगबद्दल. तुमच्या शूटवर काय बिघडलं ते व्हॉइस नोटनं पाठवा, चांगल्या नोट एपिसोडमध्ये वाजवू.

(क्लिप: मोटर, दूरवरून. मग बंद.)